‘कर्मवीर’ची राजकीय भूमिका : जबलपूरचे एक हिंदी साप्ताहिक आणि त्यामागची मराठी परंपरा

१७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून ‘कर्मवीर’ हे हिंदी साप्ताहिक निघू लागले. संपादक होते माखनलाल चतुर्वेदी. त्यांच्यामागे उभे होते माधवराव सप्रे आणि जबलपूरचे पुढारी विष्णुदत्त शुक्ल. चतुर्वेदी तेव्हा तीस वर्षांचे होते आणि सप्रे पन्नाशीच्या जवळ आले होते. सप्र्यांची मातृभाषा मराठी. त्यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला, आणि आयुष्यभर त्यांनी लेखन केले ते मुख्यतः हिंदीत.

स्वातंत्र्यलढ्यातील वृत्तपत्रे शिकवताना आपण बहुधा पुण्याच्या ‘केसरी’पासून सुरुवात करतो, कलकत्त्याच्या ‘अमृतबझार पत्रिके’ला स्पर्श करतो आणि गांधीजींच्या ‘यंग इंडिया’वर थांबतो. प्रांतिक पत्रांच्या वाट्याला एखादे वाक्य येते : ‘यांनीही राष्ट्रीय चळवळीला पाठिंबा दिला.’ वाक्य खोटे नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. कोणत्या पत्राने कशाला पाठिंबा दिला, कोणत्या किमतीला दिला, आणि वरच्या नेतृत्वाची भूमिका बदलली तेव्हा त्या पत्राने काय केले, हे पाहिल्याशिवाय ‘राजकीय भूमिका’ हा शब्द पोकळच राहतो. या पाठात आपण एकाच पत्राची जबलपूरमधली सुमारे दोन वर्षे पाहणार आहोत. मात्र ती समजून घ्यायला बारा वर्षे मागे, नागपूरला जावे लागेल.

जबलपूरचे स्थान

जबलपूर आज मध्य प्रदेशात आहे. १९२० मध्ये ते ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या प्रांतातले एक मोठे शहर होते. प्रांताची राजधानी नागपूर. १८६१ मध्ये मध्यप्रांत बनवताना इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र केले. वऱ्हाड १९०३ मध्ये जोडले गेले. त्यामुळे एकाच प्रांतात वर्धा-नागपूरकडचा मराठी भाग, नर्मदाकाठचा हिंदी भाग आणि छत्तीसगड असे तीन वेगळे तोंडवळे होते. जबलपूरचा प्रदेशही १८१७ पर्यंत भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि नोकरी-वकिलीच्या निमित्ताने मराठी कुटुंबे या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिली होती. सप्र्यांसारखा माणूस याच वस्तीतून आला.

१८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वे जबलपूरमार्गे जोडली गेली. छावणी होती, तोफगाड्यांचा सरकारी कारखाना होता, महाविद्यालय होते. म्हणजे सरकारला महत्त्वाचे वाटावे असे हे शहर, आणि बातमी दोन्ही बाजूंनी लवकर पोचावी असे ठिकाण. या शहरात इंग्रजी साप्ताहिक आधीपासून चालू होते. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण पुढे तो कामाला येणार आहे.

नागपूरचा ‘हिंदी केसरी’

सप्र्यांनी पत्रकारितेला सुरुवात केली ती १९०० साली, छत्तीसगडमधील पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढून. ते तीन वर्षे चालले. साहित्य, समीक्षा, शिक्षण हा त्याचा पिंड होता; राजकारण थेट नव्हते. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि स्वदेशी-बहिष्काराची लाट देशभर पसरली. टिळकांचे विचार हिंदी वाचकापर्यंत पोचवणारे पत्र हवे, या हेतूने सप्र्यांनी १३ एप्रिल १९०७ रोजी नागपूरहून ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक सुरू केले. नावातच भूमिका होती. सुरतेच्या अधिवेशनात काँग्रेस फुटायला अजून काही महिने होते, पण हे पत्र कोणत्या बाजूला उभे राहील याबद्दल कोणाला शंका नसावी.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. भाषांतर हे त्या काळी राजकीय काम होते. ‘केसरी’तला लेख पुण्यात मराठीत छापला जाई तेव्हा त्याचा वाचक ठरलेला होता. तोच मजकूर हिंदीत गेला की तो नर्मदेच्या खोऱ्यात, छत्तीसगडात, संयुक्त प्रांतात पोचे. राजद्रोही मजकूर भाषेची सीमा ओलांडतो आहे, ही सरकारच्या दृष्टीने नवी डोकेदुखी होती.

या पत्राने ‘राष्ट्रीय आंदोलन आणि बहिष्कार’ या विषयावर निबंधस्पर्धा घेतली. पहिले बक्षीस मिळाले ते खंडव्याच्या एका तरुण शाळामास्तराला. तो तरुण म्हणजे माखनलाल चतुर्वेदी. वय एकोणीस. सप्रे-चतुर्वेदी संबंधाची सुरुवात इथे आहे, आणि बारा वर्षांनी निघालेल्या ‘कर्मवीर’चे बीही इथेच आहे.

माफी

१९०८ हे वर्ष पत्रांसाठी फार कठीण गेले. मुझफ्फरपूरच्या बॉम्बप्रकरणानंतर जूनमध्ये वृत्तपत्रांविरुद्ध नवा कायदा आला, २४ जूनला टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्याची झळ नागपूरलाही लागली. ऑगस्टमध्ये सप्र्यांना भारतीय दंडविधानाच्या १२४-अ, म्हणजे राजद्रोहाच्या कलमाखाली पकडले. नागपूरच्या ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावरही कारवाई झाली.

काही महिन्यांनी सप्रे सुटले. त्यांनी लेखी माफी दिली होती.

चरित्रकार सांगतात की वडीलबंधूंनी टोकाचा आग्रह धरला, घर उद्ध्वस्त होण्याची वेळ आली, आणि सप्र्यांना नमते घ्यावे लागले. ज्या टिळकांचे नाव घेऊन पत्र काढले ते मंडालेत, आणि आपण माफी देऊन घरी, हा सल त्यांना शेवटपर्यंत सुटला नाही. त्यांनी सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले. रामदासी परंपरेतील मठात राहून, माधुकरी मागून त्यांनी काही काळ काढला. समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत आणला. टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये मराठीत प्रसिद्ध झाले, त्याचा हिंदी अनुवादही सप्र्यांचाच. पुढे चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथही त्यांनी हिंदीत नेला.

या माफीकडे कसे पाहायचे? दोन सोपी उत्तरे आपल्यासमोर तयार असतात. एक म्हणजे भित्रेपणा म्हणून हिणवणे. तसे त्या काळी हिणवले गेलेही. दुसरे म्हणजे थोर माणसाच्या चरित्रातला हा डाग झाकून, पुढच्या पानावर जाणे. माझ्या मते दोन्ही उत्तरांनी इतिहासाचे नुकसान होते. १२४-अ हे कलम माणसाला तुरुंगात टाकण्यापुरते नव्हते. संपादकाचे घर, भावाची नोकरी, छापखान्याचे कर्ज, या सगळ्यांवर एकाच वेळी दाब आणणे हीच त्याची कामाची रीत होती. टिळक तो दाब सहन करू शकले याचे एक कारण त्यांचा स्वभाव, आणि दुसरे कारण म्हणजे त्यांच्यामागे पुण्या-मुंबईत उभा असलेला वर्ग. नागपूरच्या एका वर्षाच्या हिंदी साप्ताहिकामागे असे बळ कुठून असणार? प्रांतिक पत्राची भूमिका तपासताना हा फरक विसरून चालत नाही.

१९१८-१९ चे वारे

टिळक १९१४ मध्ये सुटून आले. १९१६ मध्ये होमरूल चळवळ सुरू झाली. त्याच वर्षी जबलपूरला हिंदी साहित्य संमेलनाचे अधिवेशन भरले आणि सप्रे पुन्हा सार्वजनिक कामात दिसू लागले.

महायुद्ध संपत आले तेव्हा जगभर ‘स्वयंनिर्णय’ हा शब्द घुमत होता. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी जानेवारी १९१८ मध्ये मांडलेल्या चौदा मुद्द्यांपैकी तेरावा मुद्दा स्वतंत्र पोलंडचा होता. आणि सव्वाशे वर्षे तीन साम्राज्यांत वाटला गेलेला तो देश नोव्हेंबर १९१८ मध्ये पुन्हा नकाशावर आला. चौदा मुद्द्यांत हिंदुस्थानचे नाव कुठेच नव्हते. पॅरिसच्या शांतता परिषदेत हिंदुस्थानच्या नावाने बसले ते भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराज आणि लॉर्ड सिन्हा. तिघेही सरकारने निवडलेले. टिळकांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र पाठवून हिंदुस्थानचा हक्क मांडला, पण त्याचा उपयोग झाला नाही. युरोपातल्या राष्ट्रांना स्वयंनिर्णय आणि इथे मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा, एप्रिलमध्ये जालियनवाला बाग. वर्षाच्या शेवटी नवा सुधारणा कायदा आला. तो स्वीकारायचा की नाही यावर अमृतसरच्या काँग्रेसमध्ये वाद झाला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी ‘कर्मवीर’चा पहिला अंक निघाला.

दंडाधिकाऱ्यापुढे

तेव्हाची पद्धत अशी. १८६७ च्या कायद्यानुसार वृत्तपत्राच्या मुद्रकाला आणि प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन प्रतिज्ञापन करावे लागे. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याने त्याच दंडाधिकाऱ्याला जामीन रक्कम मागण्याचा अधिकार दिला. मजकूर आक्षेपार्ह वाटला की जामीन जप्त, आणि पुढची रक्कम त्याहून मोठी. खटला भरायचीही गरज नाही. गरीब पत्र त्यातच मरे. म्हणून पहिल्या दिवशी साहेबापुढे काय बोलायचे, हा प्रश्न पत्राच्या जिवाचा असे.

या प्रसंगाची एक हकिकत हिंदी पत्रकारितेत नेहमी सांगितली जाते. प्रतिज्ञापनासाठी जाताना सप्र्यांनी चतुर्वेदींच्या हाती एक अर्ज दिला होता. उपजीविकेसाठी आपण साप्ताहिक काढू इच्छितो, असा त्याचा आशय होता. जिल्हा दंडाधिकाऱ्याने विचारले की शहरात इंग्रजी साप्ताहिक असताना हिंदी कशाला हवे? चतुर्वेदींनी अर्ज बाजूलाच ठेवला. तुमचे ते इंग्रजी पत्र दबून वागणारे आहे, मला तसे काढायचे नाही. इंग्रजी राज्य चालता चालता थांबेल असे पत्र मला काढायचे आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. आणि तरीही परवानगी मिळाली.

ही हकिकत नंतरच्या आठवणींतून आली आहे. अशा आठवणींतले शब्द जसेच्या तसे घेऊ नयेत. तोंडातोंडी उत्तराला धार येते. मात्र तिच्यातला अर्ज मला उत्तराइतकाच महत्त्वाचा वाटतो. व्याख्यानांत उत्तरावर टाळ्या पडतात, अर्जाकडे कोणी पाहत नाही. तो अर्ज लिहिणारा माणूस १९०८ मध्ये कोठडीत जाऊन आला होता. ‘पोटासाठी’ हा शब्द लिहिला की पत्र पहिल्या आठवड्यात मारले जाणार नाही, हे त्याला ठाऊक होते. हे लेखन मवाळपणाचे म्हणता येणार नाही. कायद्याशी कसे वागायचे हे तो अनुभवाने शिकला होता. चतुर्वेदींकडे तो अनुभव अजून नव्हता, आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुसरी गोष्ट होती. ‘कर्मवीर’ची भूमिका या दोन स्वभावांच्या जोडीतून बनली : संपादक म्हणून पुढे धीट तरुण, मागे पोळलेला वडीलधारा.

रतौना

‘कर्मवीर’चे राजकारण काय होते, हे अग्रलेखांच्या मथळ्यांपेक्षा एका स्थानिक प्रकरणातून जास्त कळते.

सागर शहराजवळ रतौना नावाचे गाव आहे. १९२० मध्ये डेव्हनपोर्ट या कंपनीला तिथे मोठा यांत्रिक कत्तलखाना उभारण्याची मुभा सरकारने दिली. त्याची जाहिरात अलाहाबादच्या ‘पायोनिअर’ या इंग्रजी पत्रात आली, आणि चतुर्वेदींनी ती रेल्वेच्या प्रवासात वाचली असे सांगतात. जुलै १९२० मध्ये ‘कर्मवीर’ने या योजनेविरुद्ध लेख लिहून मोहीम उघडली. जबलपूरच्या ‘ताज’ या उर्दू पत्राचे संपादक ताजुद्दीन यांनी तिला साथ दिली. सागरमध्ये भाई अब्दुल गनी यांनी लोकांना उभे केले. लाहोरच्या ‘वंदे मातरम्‌’मधून लाला लजपतराय यांनीही विरोध केला. काही महिन्यांतच सरकारला योजना मागे घ्यावी लागली.

गाय हा विषय आला की आजच्या वाचकाच्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. म्हणून इथे थोडे थांबू. १८९० च्या दशकापासून उत्तर हिंदुस्थानात गोरक्षणाच्या चळवळींनी अनेक ठिकाणी हिंदू-मुसलमान दंग्यांचे रूप घेतले होते. त्याच विषयावर जबलपूर-सागर भागात हिंदी आणि उर्दू पत्रे एका बाजूला आली, आणि सागरमधले नेतृत्व एका मुसलमान कार्यकर्त्याकडे होते. हे कसे घडले? एक कारण काळाचे. १९२० हे खिलाफतीचे वर्ष होते आणि दोन्ही समाजांचे पुढारी एका व्यासपीठावर होते. दुसरे कारण प्रश्न कसा मांडला गेला याचे. विरोध शेजाऱ्याशी नव्हता. विरोध होता तो सरकारी आशीर्वादाने येणाऱ्या विलायती कंपनीशी, आणि शेतीचे पशुधन व्यापारासाठी खर्ची पडण्याशी. नांगराचा बैल गेला की शेतकरी बसला, हे हिंदूला जितके कळत होते तितकेच मुसलमानालाही.

तरी एक सावधगिरी बाळगा. हा लढा निव्वळ आर्थिक होता असे लिहिलेत तर तेही अर्धवट होईल. धार्मिक भावना होतीच. तिच्याशिवाय गावोगावच्या सभा भरल्या नसत्या. ‘कर्मवीर’चे कौशल्य असे की ती भावना त्याने सरकारच्या दिशेने वळवली, मुसलमानांच्या दिशेने वळू दिली नाही. काही वर्षांतच, खिलाफतीचा जोर ओसरल्यावर, देशात हेच जमेनासे झाले. त्यामुळे रतौनाला आदर्श नमुना म्हणून मिरवण्यापेक्षा विशिष्ट वर्षात, विशिष्ट माणसांमुळे शक्य झालेली गोष्ट म्हणून पाहणे बरे.

आणखी एक. असहकाराचा ठराव काँग्रेसच्या कलकत्त्याच्या खास अधिवेशनात सप्टेंबर १९२० मध्ये झाला. रतौनाची मोहीम जुलैत सुरू झाली होती. वरून आदेश आला आणि प्रांतिक पत्राने तो छापला, अशी जी साखळी आपण गृहीत धरतो ती इथे लागू पडत नाही.

टिळकांकडून गांधींकडे

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक वारले. असहकाराची सुरुवातही त्याच दिवशी झाली. टिळकांच्या तालमीत वाढलेल्या प्रत्येक पत्रापुढे आणि कार्यकर्त्यापुढे प्रश्न पडला : आता काय? कौन्सिलांवर बहिष्कार, शाळा-न्यायालयांचा त्याग, अहिंसेचे बंधन, हे सगळे टिळकांच्या राजकारणात बसते का?

नागपूरच्या मराठी टिळकपक्षीयांची या प्रश्नावर ओढाताण झाली. डॉ. मुंजे यांच्यासारख्यांचे मन गांधींच्या कार्यक्रमात कधी पुरते रमले नाही, आणि १९२५ नंतर ती मंडळी प्रतियोगी सहकारितेकडे वळली. जबलपूरच्या ‘कर्मवीर’ने मात्र असहकाराची बाजू घेतली. गंमत अशी की त्याच्या मागे असलेले सप्रे हे टिळकांच्या मुख्य ग्रंथाचे हिंदी अनुवादक! एकाच गुरूचे शिष्य, एकाच प्रांतात, दोन दिशांना गेले.

याचे एक कारण व्यक्तींचे, पण भूगोलही विसरू नका. नागपुरात टिळकपक्षाची संघटना जुनी होती, तिच्या स्वतःच्या संस्था, पत्रे, वकील मंडळी होती. गांधींचे येणे म्हणजे त्यांच्या हातची सूत्रे जाणे. जबलपूरकडे असे गमावण्याजोगे फारसे नव्हते. उलट डिसेंबर १९२० च्या नागपूर काँग्रेसने प्रांतिक समित्या भाषेनुसार बांधल्या तेव्हा हिंदी मध्यप्रांताची वेगळी समिती झाली आणि तिचे केंद्र जबलपूर ठरले. आजवर नागपूरच्या सावलीत असलेल्या शहराला स्वतःचे राजकीय स्थान मिळाले. नव्या रचनेत नव्या नेतृत्वाला जागा होती, आणि ‘कर्मवीर’ त्या नेतृत्वाचे मुखपत्र बनले.

मराठी विद्यार्थ्याला यात एक बोचणारी गोष्ट दिसेल. ज्या सप्र्यांनी दोन भाषांमध्ये पूल बांधण्यात आयुष्य घातले, त्यांच्याच डोळ्यांसमोर प्रांताचे राजकारण भाषेच्या रेषेवर दोन घरांत वाटले गेले. ते स्वतः हिंदी घरात राहिले. त्यांच्या हयातीत ती रेषा अजून कुंपणासारखी झाली नव्हती, पण आखली गेली होती.

अटक आणि खंडवा

मार्च १९२१ मध्ये चतुर्वेदींनी बिलासपूरला भाषण केले. त्याबद्दल मे महिन्यात त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि शिक्षा होऊन बिलासपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. ‘पुष्प की अभिलाषा’ ही त्यांची सर्वाधिक गाजलेली कविता याच तुरुंगवासातली. शाळेत ती अनेकांनी पाठ केली असेल. ती एका साप्ताहिकाच्या संपादकाने कैदेत लिहिली, हे सहसा सांगितले जात नाही.

खटला भाषणावर भरला गेला, लेखावर नाही. पत्राचा संपादक, सभेतला वक्ता आणि काँग्रेसचा कार्यकर्ता ही त्या काळी तीन वेगळी माणसे नव्हती. पत्र बंद पाडायचे तर संपादकाला कुठल्याही निमित्ताने उचलले तरी पुरे. आणि या वेळी माफी आली नाही. १९०८ आणि १९२१ मधला फरक केवळ दोन माणसांच्या धैर्याचा नाही. तुरुंगात जाणे ही गोष्ट आता एकट्याच्या घरावरची आपत्ती राहिली नव्हती. शेकडो लोक जात होते, आणि गावात तिला प्रतिष्ठा होती. असहकाराने १२४-अ ची निम्मी ताकद अशी काढून घेतली.

मार्च १९२२ मध्ये चतुर्वेदी सुटले, पण तोवर चौरीचौरा होऊन चळवळ थांबली होती, आणि जबलपूरच्या ‘कर्मवीर’ची जुनी घडी पुन्हा बसली नाही. पत्राची माणसे मात्र कामात होती. ‘कर्मवीर’चे साहाय्यक संपादक लक्ष्मणसिंह चौहान आणि त्यांच्या पत्नी, कवयित्री सुभद्राकुमारी चौहान, मार्च १९२३ मध्ये जबलपूरच्या झेंडा सत्याग्रहात उतरले. नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावण्यावरून सुरू झालेले हे प्रकरण पुढे नागपूरला गेले आणि त्याला देशव्यापी रूप आले. चतुर्वेदींनाही त्यात पुन्हा अटक झाली. गणेशशंकर विद्यार्थी तुरुंगात असताना कानपूरचे ‘प्रताप’ सांभाळण्याचे कामही त्यांनी याच काळात केले.

४ एप्रिल १९२५ पासून ‘कर्मवीर’ पुन्हा निघू लागला, पण जबलपूरहून नव्हे. चतुर्वेदींनी तो खंडव्याला नेला, आणि पुढे कित्येक दशके तो तिथूनच निघाला. सप्र्यांना या दुसऱ्या पर्वाचे एकच वर्ष पाहता आले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूरला त्यांचे निधन झाले.

असे पत्र साधन म्हणून वाचताना

प्रकल्पासाठी प्रांतिक वृत्तपत्र घ्यायचे असेल तर दोन-तीन गोष्टींचा उपयोग होईल. सरकार देशी पत्रांतील मजकुराचे इंग्रजी सारांश गोपनीय अहवालांत नियमित छापत असे. अभिलेखागारांत ते सहज मिळतात, म्हणून संशोधक त्यांच्यावर फार विसंबतात. पण ते सारांश करणारा अधिकारी असंतोष शोधत असे. पिकांचे भाव, शाळेची गैरसोय, रेल्वेची तक्रार त्याच्या दृष्टीने बिनकामाची. केवळ त्या अहवालांवरून पाहिले तर प्रत्येक पत्र रोज राजद्रोहच लिहीत होते असे वाटेल. उलट बाजूने, संपादकांच्या आठवणींत स्वतःच्या धाडसाचे प्रसंग उठून दिसतात आणि तडजोडी पुसट होतात. दंडाधिकाऱ्यासमोरचा तो बाजूला ठेवलेला अर्ज अशा आठवणींत टिकून राहिला, हे आपले नशीब.

वाचक कोण होते, हाही प्रश्न सोडू नका. त्या काळी मध्यप्रांतात शंभरात दहा माणसांनाही लिहिता-वाचता येत नव्हते. साप्ताहिक एकाने विकत घ्यायचे आणि दहाजणांनी ऐकायचे, अशी रीत होती. त्यामुळे खपाच्या आकड्यावरून प्रभाव मोजता येत नाही. पण म्हणून प्रभाव अमर्याद होता असेही नाही. मंडला किंवा बस्तरकडच्या गोंड गावात १९२० मध्ये ‘कर्मवीर’ऐवजी वनखात्याच्या शिपायाचा शब्द चालत होता.

मूळ अंक पाहायचे असतील तर भोपाळला १९८४ मध्ये सुरू झालेले, सप्र्यांच्याच नावाचे वृत्तपत्र संग्रहालय आहे. अंक हाती आला की अग्रलेखाआधी शेवटचे पान उलटा. जाहिराती कोणाच्या आहेत, वर्गणी किती आहे, मुद्रक-प्रकाशक म्हणून कोणाचे नाव छापले आहे, ते लिहून घ्या. ज्याचे नाव तिथे छापलेले असे, पोलीस त्याच्याच दारात येत.